गाणं गळ्यातून, निकाल नियमातून

१६ डिसेंबर २००७ रोजी जकार्तामध्ये ‘एशियन आयडॉल’ स्पर्धेचा निकाल लागला. भारत, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि व्हिएतनाम या सहा देशांतले ‘आयडॉल’ विजेते त्यात उतरले होते. भारताकडून होता मुंबईचा अभिजीत सावंत. मार्च २००५ मध्ये तो पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला आणि घराघरात पोचला. जकार्तातल्या स्पर्धेचं मतदान एसएमएसवर होतं. भारताची लोकसंख्या तेव्हा शंभर कोटींच्या पुढे गेलेली, सिंगापूरची पन्नास लाखांच्याही आत. जिंकला सिंगापूरचा हादी मिर्झा.

मोबाइलच्या मतांवर ठरणाऱ्या स्पर्धेत एवढा मोठा देश एवढ्या लहान देशामागे कसा पडतो? हादी मिर्झा चांगला गायला असेलच, पण नुसत्या गाण्यावरून हे कोडं सुटत नाही. ते सुटतं मतमोजणीच्या नियमावरून. तो नियम समजून घ्यायचा तर आधी ‘युरोव्हिजन’कडे जावं लागतं. देशोदेशींच्या गाण्यांच्या स्पर्धांमध्ये ही सगळ्यात नावाजलेली. सत्तर वर्षांत तिने मोजणीचे इतके प्रकार करून पाहिले आहेत की कोणत्या नियमाने काय होतं, याचा पुरता हिशेब तिथे सापडतो.

नियम नुसते सांगितले तर कंटाळवाणे होतात. म्हणून एक कल्पना करू. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याची, तारपा हे वाद्य वाजवून नाचणारी वारली मंडळी युरोव्हिजनला निघाली आहेत. वाटेत त्यांना कुठे कुठे अडवलं जाईल आणि कुठून वाट मिळेल ते पाहत जाऊ.

गाणं पाठवतं कोण?

या स्पर्धेत देशांची नावं झळकतात, पण गाणी सरकारं पाठवत नाहीत. ती पाठवतात त्या त्या देशांच्या प्रसारण संस्था : ब्रिटनची बीबीसी, नॉर्वेची एनआरके, स्वीडनची एसव्हीटी. या संस्थांचा ‘युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन’ हा संघ १९५० मध्ये स्थापन झाला. टीव्ही तेव्हा नवा होता. एकच कार्यक्रम अनेक देशांत एकाच वेळी थेट दाखवता येतो का, हे या संस्थांना पाहायचं होतं. इटलीत सानरेमो गावी १९५१ पासून गाण्यांचा महोत्सव भरत होता. त्याच धर्तीवर २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथे पहिली युरोव्हिजन झाली. सात देश आले, प्रत्येकाने दोन गाणी आणली.

आपलं गाणं कसं निवडायचं हे प्रत्येक संस्था स्वतः ठरवते. काही ठिकाणी चार जाणकार बंद दाराआड बसून निवड करतात. स्वीडनमध्ये ‘मेलोडीफेस्टिवालेन’ नावाची स्पर्धा कित्येक आठवडे चालते आणि तिच्या विजेत्याला पुढे पाठवतात. इटलीत सानरेमोच्या विजेत्याला पहिला मान मिळतो.

भारतातली संस्था या स्पर्धेत नाही, त्यामुळे पोशेऱ्याच्या मंडळींना ‘भारत’ म्हणून उतरता येणार नाही. नुसत्या भूगोलाची मात्र तितकीशी अडचण नाही. इस्रायल १९७३ पासून येतो, मोरोक्को १९८० मध्ये एकदा येऊन गेला, ऑस्ट्रेलियाला २०१५ मध्ये खास पाहुणा म्हणून बोलावलं आणि तो पुढेही येत राहिला. आशिया-पॅसिफिकच्या प्रसारण संस्थांचा वेगळा संघ आहे. त्यानेही २०१२ मध्ये सोलमध्ये गाण्यांचा टीव्ही महोत्सव सुरू केला, पण त्यात क्रमांक काढत नाहीत. गाणी सादर होतात आणि मंडळी घरी जातात.

एक वाट मात्र मोकळी आहे. गायक त्याच देशाचा हवा, असा युरोव्हिजनचा नियम नाही. १९८८ मध्ये डब्लिनला स्वित्झर्लंडसाठी गाऊन जिंकलेली सेलीन डियॉन कॅनडाची होती. तिने ब्रिटनला एका गुणाने मागे टाकलं. तेव्हा उद्या नॉर्वेच्या एनआरकेने ठरवलंच, तर पोशेऱ्याची मंडळी नॉर्वेच्या नावाने मंचावर उभी राहू शकतात. तसं झालं असं धरून पुढे जाऊ.

गाण्याची मापं

पहिलं माप वेळेचं. गाणं तीन मिनिटांपेक्षा लांब चालत नाही. इथेच तारप्याची पंचाईत होते. जव्हार-मोखाड्याकडे तारपा वाजतो तो भात पिकायला लागल्यापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत, आणि एकदा नाच उभा राहिला की रात्र सरते. तारपा बनतो वाळक्या दुधी भोपळ्याचा. भोपळ्याच्या पोटात बांबूच्या दोन नळ्या बसवतात, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा गुंडाळतात आणि सांधे मेणाने बुजवतात. वाजवणारा नाकाने श्वास घेत तोंडाने फुंकत राहतो, त्यामुळे सूर मध्ये तुटत नाही. वाजवणारा मधोमध असतो आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात. त्याने चाळा (वाजवायची धून) बदलला की पावलं बदलतात. हे सगळं तीन मिनिटांत बसवायचं तर एखाद-दुसरा चाळा निवडून बाकीचे सोडावे लागतील.

दुसरं माप माणसांचं. मंचावर सहाच जण. तारपावादक एक, मग रिंगणाला उरले पाच. प्राणी मंचावर आणता येत नाहीत. गाणाऱ्याचं वय किमान सोळा.

तिसरं माप नवेपणाचं. गाणं आधीच्या वर्षाच्या १ सप्टेंबरपूर्वी बाजारात आलेलं नसावं आणि ते कुणाची नक्कल नसावं. पिढ्यानपिढ्या वाजत आलेला चाळा जसाच्या तसा नेऊन भागणार नाही, त्या बाजाची नवी रचना करावी लागेल. शब्दांत राजकीय प्रचारही चालत नाही.

चौथं माप ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. मुख्य गायकाने मंचावर प्रत्यक्ष गायलंच पाहिजे, पण वाद्यं मात्र सगळी ध्वनिमुद्रित असतात. १९९८ पर्यंत सभागृहात वाद्यवृंद असायचा, १९९९ पासून तो गेला. तेव्हापासून मंचावर दिसणारी गिटार, ड्रम, व्हायोलिन नुसती दिसतात, आवाज आधी मुद्रित केलेला असतो. २००९ मध्ये नॉर्वेचा अलेक्झांडर रिबाक हातात व्हायोलिन घेऊन ३८७ गुणांनी जिंकला, त्याचं वादनही मुद्रितच होतं. कारण व्यवहाराचं आहे. एका गाण्यानंतर दुसऱ्या गाण्याचा मंच मांडायला जेमतेम पाऊण मिनिट मिळतं. तेवढ्यात दहा माइक लावून प्रत्येकाचा आवाज जमवणं शक्य नसतं. २०२१ पासून साथीच्या गायकांचे आवाजही मुद्रित वापरायला परवानगी आहे. म्हणजे पोशेऱ्याचा तारपावादक तिथे गेला तर तो तारपा तोंडाला लावेल, पण ऐकू येईल तो स्टुडिओत मुद्रित केलेला सूर. ज्या वाद्याची सगळी करामत दमसासाची, त्याला तिथे दम लावायची गरजच पडणार नाही.

पाचवी अडचण गाण्याची. तारपा हे वाद्य, आणि स्पर्धा गाण्यांची. शब्द हवेतच. पण किती हवेत? १९९५ मध्ये नॉर्वेच्या ‘सीक्रेट गार्डन’ या जोडीने ‘नॉक्टर्न’ आणलं. त्यात नॉर्वेजियन भाषेतले फक्त २४ शब्द होते, बाकी सुरावट मुख्यतः व्हायोलिनची. ते पहिलं आलं. सुरुवातीला चार ओळी गाऊन पुढे तारपा घेतला तर नियमाला धक्का लागत नाही.

भाषेचं बंधन आता उरलेलं नाही. १९६६ ते १९७२ आणि १९७७ ते १९९८ या काळात आपल्याच देशाच्या भाषेत गावं लागे. १९९९ पासून कोणतीही भाषा चालते. २००३ मध्ये बेल्जियमचं ‘सानोमी’ हे गाणं तर जगात कुठेच बोलत नाहीत अशा कल्पित भाषेत होतं आणि पहिला क्रमांक त्याच्या हातून केवळ दोन गुणांनी गेला. तेव्हा वारली बोलीला कुणी आडकाठी करणार नाही.

आधी गेलेले आदिवासी सूर

नॉर्वेचं नाव उगाच घेतलं नाही. तिथल्या उत्तरेकडच्या सामी या आदिवासी समाजाची ‘योइक’ ही गाण्याची जुनी पद्धत आहे. त्यात शब्द कमी, आलाप जास्त. अल्टा नदीवर धरण बांधायला सामींचा विरोध होता आणि १९७९ मध्ये त्यांनी ओस्लोत संसदेसमोर उपोषण केलं. त्या लढ्यावरचं ‘सामीद एदनान’ हे गाणं १९८० मध्ये नॉर्वेने युरोव्हिजनला पाठवलं. स्वेरे केल्सबर्ग गात होता आणि मधूनच मात्तिस हेत्ता योइक घेत येत होता. गाणं सोळावं आलं.

२०१९ मध्ये नॉर्वेच्या ‘केइनो’ या गटाने पुन्हा योइक आणला, या वेळी नाचाच्या जोरकस ठेक्यावर. प्रेक्षकांच्या मतांत ते गाणं २९१ गुण घेऊन सगळ्या देशांच्या पुढे होतं. परीक्षकांनी मात्र त्याला फक्त ४० गुण दिले. एकूण ३३१ गुणांसह ते सहावं आलं. लोकांनी डोक्यावर घेतलेलं गाणं सहाव्या क्रमांकावर का घसरतं, हे कळायला गुणांची रीत पाहावी लागते.

बारा गुण आले कुठून

१९५६ च्या पहिल्या स्पर्धेत प्रत्येक देशाचे दोन परीक्षक होते आणि मतं गुप्त होती. स्वतःच्या देशाला मत द्यायला बंदी नव्हती. लक्झेंबर्गचे परीक्षक पोचू शकले नाहीत, तेव्हा त्यांच्या वतीनेही स्वित्झर्लंडच्या माणसांनीच मतं दिली. जिंकला स्वित्झर्लंड. गायिका लीस आसिया गुणी होती, तरी कुजबुज व्हायची ती झालीच. पुढच्याच वर्षी आपल्या देशाला मत देण्यावर बंदी आली आणि ती आजवर टिकून आहे. पूर्ण नियमावलीत हाच नियम सगळ्यात मोलाचा.

मग बराच काळ प्रत्येक देशाचे दहा परीक्षक आणि प्रत्येकाला एक मत, अशी पद्धत होती. मतं थोडी आणि गाणी बरीच, त्यामुळे बरोबरी होण्याचा धोका. १९६९ मध्ये माद्रिदला तो खरा ठरला. स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स या चौघांना प्रत्येकी १८ मतं पडली. बरोबरी कशी सोडवायची याचा नियमच नव्हता. चौघांनाही विजेते म्हणून जाहीर करावं लागलं. पुढच्या वर्षी काही देश फिरकलेच नाहीत.

१९७५ पासून आजची रीत आली. प्रत्येक देश आपल्या आवडीची दहा गाणी क्रमाने लावतो. पहिल्याला १२ गुण, दुसऱ्याला १०, तिसऱ्याला ८, आणि पुढे ७, ६ असं उतरत दहाव्याला १. दुसऱ्या आणि तिसऱ्यात दोन गुणांचं अंतर, पहिल्या आणि दुसऱ्यातही दोन गुणांचं. म्हणजे कुणाच्या तरी पहिल्या पसंतीला उतरण्याला जास्त किंमत. या सगळ्यांची बेरीज होते ५८.

ही ५८ ची बेरीज नीट लक्षात ठेवावी, कारण लहान-मोठ्याचा सगळा फरक तिच्यात विरून जातो. जर्मनीची लोकसंख्या आठ कोटींच्या वर आहे, सान मारिनोची चौतीस हजारांच्या आसपास. वाटायला दोघांकडेही ५८ च गुण. जर्मनीत लाखो लोकांनी मत दिलं तरी त्या मतांनी फक्त जर्मनीचा क्रम ठरतो, वजन वाढत नाही. सान मारिनोची गंमत तर आणखी वेगळी. त्याचं टेलिफोनचं जाळं इटलीशी जोडलेलं असल्यामुळे तिथल्या प्रेक्षकांची मतं वेगळी काढता येत नाहीत. मग इतर देशांच्या मतांवरून त्याचे गुण बेतले जातात.

प्रेक्षकांनी फोनवरून मत देण्याचा प्रयोग १९९७ मध्ये पाच देशांत झाला आणि पुढच्या वर्षापासून तो बहुतेक ठिकाणी रुळला. २००९ पासून अंतिम फेरीत परीक्षक पुन्हा आले, निम्मं वजन त्यांचं आणि निम्मं प्रेक्षकांचं. २०१६ पासून दोघांचे गुण वेगळे जाहीर होऊ लागले. परीक्षकांचे ५८ वेगळे, प्रेक्षकांचे ५८ वेगळे. एका देशाच्या हाती एकूण ११६ गुण आले.

यातली एक बारीक गोष्ट टीव्हीवर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. प्रेक्षक ज्या रात्री मत देतात, त्याच्या आदल्या रात्रीच परीक्षकांनी आपला क्रम लावलेला असतो. आदल्या रात्री संपूर्ण कार्यक्रमाची रंगीत तालीम होते, ती पाहून ते निर्णय देतात. गायकाचा आवाज त्या रात्री बसला असेल तर दुसऱ्या दिवशी तो कितीही सुरेल गायला, तरी परीक्षकांच्या गुणांत फरक पडत नाही. दोन्ही रात्री सारखंच जीव तोडून गावं लागतं.

दोन निकाल जवळून

२०१६ चा स्टॉकहोमचा निकाल पाहू. परीक्षकांच्या यादीत ऑस्ट्रेलियाची दामी इम ३२० गुणांनी पहिली होती. प्रेक्षकांच्या यादीत रशियाचा सर्गेई लाझारेव्ह ३६१ गुणांनी पहिला. जिंकली मात्र युक्रेनची जमाला. तिला परीक्षकांचे २११ आणि प्रेक्षकांचे ३२३ मिळाले, बेरीज ५३४. ऑस्ट्रेलियाला प्रेक्षकांचे १९१ मिळाले, बेरीज ५११. रशियाला परीक्षकांनी १३० दिले, बेरीज ४९१. दोन्ही याद्यांत दुसरी असलेली गायिका पहिली आली, कारण बाकीचे दोघे एकेका यादीत मागे राहिले होते.

आता २०२३. फिनलंडच्या केरियाला प्रेक्षकांनी ३७६ गुण दिले, पण परीक्षकांनी १५०. स्वीडनच्या लॉरीनला प्रेक्षकांचे २४३ आणि परीक्षकांचे ३४०. फिनलंड ५२६, स्वीडन ५८३. सभागृहात फिनलंडच्या गाण्याचा गजर चालला होता आणि पुरस्कार स्वीडनकडे गेला. २०१६ मध्ये दोन्हीकडे बऱ्यापैकी असणारा जिंकला, २०२३ मध्ये परीक्षकांच्या बाजूला मोठी आघाडी घेणारा. दोन्ही वेळा हिशेब तोच होता. केइनोच्या योइकचं झालं ते यापेक्षा वेगळं नाही : एका पारड्यात २९१, दुसऱ्यात ४०.

बरोबरी झाली तर काय, याचं उत्तर १९९१ मध्ये रोमला द्यावं लागलं. स्वीडनची कारोला आणि फ्रान्सची अमिना यांना प्रत्येकी १४६ गुण मिळाले. मग १२ गुण किती देशांनी दिले ते मोजलं, तिथेही बरोबरी. मग १० गुण मोजले, त्यात स्वीडन पुढे निघाला. १९६९ ची फजिती टाळायला केलेला नियम तिथे कामी आला. आता बरोबरी झाली तर प्रेक्षकांचे गुण ज्याला जास्त, तो वरचा.

नियम नीट असूनही चूक होते. २०१९ मध्ये बेलारूसच्या परीक्षकांनी उपांत्य फेरीतली आपली मतं आधीच उघड केली, म्हणून अंतिम फेरीतून त्यांना काढलं. त्यांच्या जागी इतर देशांच्या मतांवरून एक क्रम तयार केला गेला आणि तो उलटा लागला. तळाच्या गाण्यांना गुण गेले, वरच्यांना काहीच नाही. इस्रायलच्या खात्यात त्या यादीचे १२ गुण पडले होते, ते दुरुस्तीत शून्य झाले. मंचावरून पाचवा जाहीर झालेला नॉर्वे नंतर सहावा झाला तो या दुरुस्तीमुळेच.

शेजारधर्म आणि सिंगापूरचं कोडं

आपल्या देशाला मत देता येत नाही म्हटल्यावर लोक कुणाला देतात? बरेचदा शेजाऱ्याला. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना १२ गुण देतात हा युरोपात थट्टेचा विषय आहे. स्कँडिनेव्हियातले देश एकमेकांकडे झुकतात. यात कटकारस्थान शोधायला नको. भाषा समजते, गायक आधीच ओळखीचा असतो, रोजगारासाठी शेजारी जाऊन राहिलेली माणसं तिकडून आपल्या मायदेशाला मत देतात.

आता जकार्ताकडे येऊ. एशियन आयडॉलमध्ये युरोव्हिजनसारखी स्वतःच्या देशाला मत देण्यावर बंदी नव्हती. सहाच देश असल्यावर ती घालणं अवघडही होतं. त्याऐवजी तिथे दोन अटी होत्या. एक, मत द्यायचं तर एका एसएमएसमध्ये दोन गायकांची नावं द्यावी लागत. दोन, प्रत्येक देशाच्या मतांचं वजन सारखं, मग तो शंभर कोटींचा असो की पन्नास लाखांचा.

आता हिशेब मांडून पाहू. प्रत्येक देशातला प्रेक्षक पहिलं नाव बहुधा आपल्याच गायकाचं लिहिणार. वजन सारखं असल्यामुळे ती सहा नावं एकमेकांना जवळजवळ तोलून धरतात. शंभर कोटींचा फायदा तिथेच संपला. सगळा निकाल आला दुसऱ्या नावावर. तुम्ही कुणाचे लाडके आहात याला महत्त्व उरलं नाही, किती जणांची दुसरी पसंती आहात ते मोलाचं झालं. सिंगापूरचा हादी मिर्झा मलय भाषेत गाणारा. मलेशियात ती भाषा घरची, इंडोनेशियात तिची सख्खी बहीण. या दोन देशांतल्या प्रेक्षकाला दुसरं नाव लिहिताना कोण जवळचा वाटला असेल, याचा अंदाज बांधता येतो. भारताच्या अभिजीत सावंतला त्या सहा देशांत भाषेने जवळचा शेजारी एकही नव्हता. हिंदी सिनेमा तिथे पाहतात हे खरं, पण गर्दीतून दुसरं नाव निवडताना तेवढी ओळख पुरत नाही.

तिथे एकाच नावाचं मत चाललं असतं आणि मतं सरसकट मोजली असती, तर भारताला हरवणं कठीण होतं. पण मग ती स्पर्धा उरली नसती, सहा देशांची शिरगणती झाली असती.

पालघरमधून मत

२०२३ पासून युरोव्हिजनने स्पर्धेबाहेरच्या देशांनाही मत देण्याची सोय केली आहे. ‘उरलेलं जग’ नावाचा एक काल्पनिक देश मानतात आणि भारतासह सगळीकडून ऑनलाइन आलेली मतं त्याच्या खात्यात जमा होतात. या खात्यालाही इतर देशांच्या प्रेक्षकांइतकेच ५८ गुण. त्याला परीक्षक नाहीत. मत देण्यासाठी बँकेच्या कार्डाने पैसे भरावे लागतात, त्यावरूनच तुम्ही कुठल्या देशातून मत देता ते ओळखलं जातं. २०२५ पर्यंत एका जणाला वीस मतं देता येत. संघटित मोहिमा काढून मतं गोळा होतात अशी ओरड झाल्यावर ही मर्यादा २०२६ पासून दहावर आणली.

तेव्हा मोखाड्यात मोबाइलला रेंज मिळाली आणि हाताशी चालणारं कार्ड असलं, तर पोशेऱ्यातूनही युरोव्हिजनला मत देता येतं. स्पर्धा असते मे महिन्यात. अंतिम फेरी शनिवारी रात्री, आपल्याकडे तोवर मध्यरात्र उलटलेली असते. फ्रान्स, जर्मनी, इटली, ब्रिटन असे संघाला जास्त पैसे देणारे देश आणि यजमान यांना थेट अंतिम फेरीत जागा असते, बाकीच्यांना उपांत्य फेरीतून यावं लागतं. कोणतं गाणं कितवं सादर होणार हे आता नुसत्या चिठ्ठीने ठरत नाही, २०१३ पासून तो क्रम निर्माते लावतात. जिंकणाऱ्या देशाकडे बहुधा पुढच्या वर्षीचं यजमानपद जातं. १९७४ मध्ये ब्रायटनला ‘वॉटर्लू’ गाऊन जिंकलेला स्वीडनचा ‘अबा’ हा गट जगभर गेला हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दर वर्षीच्या विजेत्याचं तसं होत नाही, बहुतेकांची प्रसिद्धी हंगामापुरतीच टिकते.

आपल्या मंडपात

एवढ्या लांबच्या गोष्टींचा जव्हार-मोखाड्यात उपयोग काय? आहे. तारप्याच्या नाचाच्या, भजनांच्या, शाळांच्या समूहगीतांच्या स्पर्धा आपल्याकडेही भरतात. निकाल लागला की वाद होतात आणि रोख बहुतेक वेळा परीक्षकांवर असतो. युरोव्हिजनचा सत्तर वर्षांचा अनुभव सांगतो की वादाचं मूळ बरेचदा माणसांपेक्षा आधी न ठरवलेल्या नियमांत असतं.

स्पर्धा भरवणाऱ्यांनी चार गोष्टी फलकावर लिहून लावल्या तरी निम्मे वाद टळतात. परीक्षकाने आपल्या गावाच्या पथकाला गुण द्यायचे की नाही. प्रत्येक परीक्षकाचं वजन सारखं आहे का, की एकाने शंभरपैकी पंचाण्णव आणि दुसऱ्याने साठ देऊन सगळा निकाल एकट्याने फिरवला. टाळ्या आणि शिट्ट्या मोजायच्या असतील तर त्यांना गुणांत किती वाटा. आणि बरोबरी झाली तर पुढे काय मोजायचं. दुसऱ्या मुद्द्यावर सोपा उपाय आहे : परीक्षकांकडून गुण घेऊच नयेत, नुसता क्रम लावून घ्यावा आणि क्रमावरून गुण आयोजकांनी द्यावेत. मग कुणाचा हात सैल आणि कुणाचा आखडता, याचा प्रश्नच येत नाही.

पोशेऱ्याच्या मंडळींसाठीही त्यातच सल्ला आहे. बाहेरच्या स्पर्धेचं बोलावणं आलं तर तारपा फुंकण्याआधी नियमाचा कागद मागून घ्यावा. वेळ किती, माणसं किती, वाद्य प्रत्यक्ष वाजणार की ध्वनिमुद्रित, गुण कोण देणार आणि ते कसे जोडणार. तीन मिनिटंच असतील तर रात्रभराचा नाच कापून दाखवण्यापेक्षा एकच चाळा घेऊन तो पुरता खुलवावा, म्हणजे नियम पाळूनही आपलं काही तिथे पोचतं. आणि कागद वाचून एखादी अट पटली नाही, तर न जाण्याचा निर्णयही त्यावरूनच घेता येतो.